खाण्याची गाडी : गल्ल्यात न दिसणारी मजुरी

पुणे लष्कर भागात बाबाजान चौकाच्या आसपास, गंज पेठेतील मोमिनपुऱ्यात किंवा कोंढव्याच्या कौसरबागेत मगरिबनंतर फेरी मारली की खाण्याच्या गाड्यांचे दिवे दुरूनच दिसतात. कुठे शिगेवरचे कबाब, कुठे बिर्याणीचे डेग, कुठे खिमा-पाव, तर अलीकडे टेम्पोला खिडकी पाडून तयार केलेले 'फूड ट्रक'. गिऱ्हाईक उभे असते, मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा आवाज येत असतो आणि पाहणाऱ्याला वाटते की हा धंदा बरा. दुकानाची पागडी नाही, मोठे भांडवल नाही, संध्याकाळी चार-पाच तास उभे राहायचे आणि गल्ला भरून घरी जायचे.

गाडी लावू का, असे विचारणारे होतकरू तरुण आम्हाला वारंवार भेटतात. कुणाचे वर्कशॉपमधले काम सुटलेले असते, कुणी आखातातून परत आलेला असतो. प्रत्येकाच्या बोलण्यात एक वाक्य हमखास असते, "घरचीच माणसं आहेत, मजुरीचा खर्च नाही." आमच्या मते या धंद्यात सर्वांत जास्त नुकसान याच एका वाक्याने होते. म्हणून गाडीच्या पुढच्या बाजूविषयी, म्हणजे चव, गर्दी, जाहिरात यांविषयी, या लेखात फारसे लिहिणार नाही. ते वाचकांना ठाऊक आहे. मागची बाजू पाहू.

दिवस कधी सुरू होतो

संध्याकाळी सातला लागणाऱ्या गाडीचा दिवस सकाळी सातच्या आधी सुरू होतो. मटण-चिकनसाठी कुणी लष्करातील शिवाजी मार्केट गाठतो, कुणी मोहल्ल्यातल्या ठरलेल्या दुकानी जातो. भाजीपाल्यासाठी महात्मा फुले मंडई किंवा गुलटेकडीचे मार्केट यार्ड. तांदूळ, तेल, मसाला भुसार बाजारातून आठ-पंधरा दिवसांचा एकदम घेतला तर भावात फरक पडतो, पण त्यासाठी रोख हाताशी लागते आणि घरात जागा लागते. गाडीवाल्याच्या घरात खाटेखाली तेलाचे डबे आणि मुलांच्या अभ्यासाच्या जागी तांदळाची पोती असतात. या जागेचे भाडे कुणी धरत नाही, तेही जाता जाता लक्षात घ्यावे.

माल घरी आला की पुरुष दोन घास खाऊन आडवा होतो. त्याने रात्री एक वाजता भांडी उतरवलेली असतात. यानंतरचे काम घरातल्या बायकांचे. चिकन धुणे, तुकडे सारखे करणे, आले-लसूण वाटणे, दह्या-मसाल्यात मुरवत ठेवणे. कांदा हा तर स्वतंत्र विषय आहे. बिर्याणीवर घालायचा बिरिस्ता करायला कांदा उभा, पातळ आणि एकसारख्या जाडीचा चिरावा लागतो. जाड-बारीक झाला तर निम्मा करपतो आणि निम्मा पांढरा राहतो. किलोभर कांदा तळून चौथाईच्या आसपास उरतो. म्हणजे दोन किलो बिरिस्ता हवा असेल तर आठ किलो कांदा सोलायचा, चिरायचा, मीठ लावून पिळायचा आणि कढईपाशी उभे राहून तळायचा. दोन-अडीच तासांचे हे काम गिऱ्हाइकाच्या प्लेटमध्ये चिमूटभर दिसते.

दुपारी जोहरनंतर तांदूळ निवडणे, भिजवणे, चटणी, कांद्याच्या चकत्या, लिंबाच्या फोडी, पार्सलच्या पुड्या. असरला डेग चुलीवर. दम लागतो तोवर गाडी पुसणे, पाण्याचे कॅन भरणे, सिलिंडर तपासणे. मगरिबला गाडी जागेवर. रात्री परतल्यावर डेग घासणे, तवा खरवडणे, ओटा धुणे. हे काम उद्यावर ढकलता येत नाही. उरलेल्या भाताचे आणि रश्श्याचे काय करायचे हा प्रश्नही तेव्हाच सोडवायचा असतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. शिजवलेला भात रात्रभर उघड्यावर ठेवून सकाळी परत गरम केला तरी तो सुरक्षित होत नाही. भातात वाढणाऱ्या काही जिवाणूंचे विष उष्णतेने जात नाही. शिजलेले अन्न एक तर साठ अंशांच्या वर गरम राहावे, नाहीतर लवकर थंड करून पाच अंशांच्या खाली फ्रिजमध्ये जावे. मधल्या तापमानात ते जितके तास राहील तितका धोका. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तर हे तास फारच कमी असतात. उरलेला माल वाटून टाकायचा तर तोही त्याच रात्री, ताजा असताना वाटावा.

तेलाचेही तेच. तळून तळून तेल किती खराब झाले हे 'टीपीसी' या मापाने मोजतात आणि १ जुलै २०१८ पासून हे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरण्यास मनाई आहे. हातगाडीवाल्याकडे मोजायचे यंत्र नसते. तेल काळपट-घट्ट झाले, फेस धरू लागले, लवकर धूर सोडू लागले की समजावे. असे तेल गटारात ओतण्याची गरज नाही. त्यापासून बायोडिझेल बनवण्यासाठी ते विकत घेणारे आहेत, आणि या कामाला सरकारने २०१८ पासून चालना दिली आहे. कबाबाला लाल रंग घालण्याच्या सवयीबद्दलही सावध राहावे. शेजारच्या कर्नाटकाने जून २०२४ मध्ये कबाबातील कृत्रिम रंगांवर बंदी घातली. काश्मिरी मिरचीने येणारा रंग कमी भडक असतो, पण त्याला कुणी हरकत घेत नाही.

डेग आणि कल्हई

या पानाचे वाचक कारागीरही आहेत, म्हणून भांड्यांबद्दल थोडे जास्त लिहितो. तांब्याच्या डेगेत उष्णता चोहीकडे सारखी पसरते, म्हणून दमाची बिर्याणी तळाला कमी लागते. पुण्यात तांब्याचे काम म्हटले की कसबा पेठेतील तांबट आळी. पेशवाईत कोकणातून आलेल्या कारागिरांची ही वस्ती हातोडीच्या ठोक्यांची कला आजही टिकवून आहे. पण तांब्याच्या डेगेला आतून कल्हई हवीच. दही, टोमॅटो, लिंबू यांच्या आंबटाने उघडे तांबे अन्नात उतरते आणि ते पोटाला बाधते.

कल्हईचे काम पाहण्यासारखे असते. भांडे खरवडून स्वच्छ करायचे, भट्टीवर तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठला की कथलाचा तुकडा फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने तो वितळता थर पातळ ओढून घ्यायचा. हात एक क्षण मागे राहिला तर थर गोळा होतो. हे काम करणारे आता शोधावे लागतात, कारण घरोघरी स्टील आले आणि रोजच्या भांड्यांची कल्हई संपली. ज्यांच्याकडे तांब्याचे डेग आहेत ते गाडीवाले आणि बावर्ची हेच कल्हईवाल्याचे उरलेले गिऱ्हाईक. एकाचा धंदा दुसऱ्याला धरून आहे.

बरेच जण आता ॲल्युमिनियमचे पातेले वापरतात. ते हलके आणि स्वस्त असते, पण त्यात आंबट पदार्थ मुरवत ठेवू नये. मुरवण्यासाठी स्टीलचे भांडे वेगळे ठेवावे. स्टील घेताना लोहचुंबक लावून पाहण्याची पद्धत आहे, तिच्यावर पूर्ण विसंबू नये. चुंबक चिकटत नाही एवढ्याने ते ३०४ क्रमांकाचे चांगले स्टील ठरत नाही. २०२ क्रमांकाच्या हलक्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. मिठाच्या आणि आंबटाच्या वापरात २०२ लवकर गंजते. बिलावर क्रमांक लिहून घेणे हा एकच उपाय. जुनी भांडी, शेगड्या, टेबले हवी असतील तर बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहेच. तिथे नजर आणि घासाघीस दोन्ही लागतात.

हिशेब मांडून पाहू

आता मुख्य गोष्ट. पुढचे आकडे केवळ नमुन्यासाठी आहेत. वाचकाने आपल्या मोहल्ल्यातले भाव घालून स्वतःचा कागद करावा.

समजा रोज ८० प्लेट बिर्याणी जाते आणि प्लेट १२० रुपयांना आहे. गल्ला झाला ९,६०० रुपये. बारा किलो चिकन २४० रुपये भावाने २,८८० रुपये. आठ किलो तांदूळ ११० ने ८८० रुपये. तेल, कांदा, दही, मसाला मिळून १,१०० रुपये. गॅस ४५०, पुडे-प्लेटा-बर्फ ३५०, जागा आणि डिझेल मिळून ४००. एकूण खर्च ६,०६० रुपये. गल्ल्यातून वजा केले की ३,५४० रुपये उरतात. गाडीवाला याला नफा म्हणतो, मित्रांना तसे सांगतो आणि मित्र दुसरी गाडी टाकतो.

आता घरातले तास मोजू. गाडीवाला स्वतः दहा तास, भाऊ सात तास, बीबी पाच तास, अम्मी तीन तास. एकूण पंचवीस तास. हीच माणसे दुसऱ्याच्या भटारखान्यात कामाला गेली असती तर तासाला सत्तर रुपये तरी मिळाले असते असे धरा. मजुरी झाली १,७५० रुपये. उरले १,७९०. त्यातून गाडी, शेगडी, टायर, डेग यांची झीज म्हणून रोजचे ३०० आणि वाया गेलेल्या मालाचे सरासरी २५० काढा. हाती राहिले १,२४० रुपये. धंद्याचा नफा म्हणायचा तो एवढाच. आजारपण, पावसाचे दिवस, गाडी उचलली गेली तो दिवस, सगळे यातूनच भागवायचे.

कुणी म्हणेल, पैसे घरातच राहिले, मग मजुरी वेगळी काढून काय साधले? साधते ते असे. मुलगी कॉलेजला जाऊ लागते, भाऊ वेगळा होतो, अम्मीचे गुडघे धरतात, आणि एक दिवस या फुकटच्या पंचवीस तासांपैकी दहा तास बाहेरून विकत घ्यावे लागतात. त्या दिवशी कळते की प्लेटचा भाव मुळातच चुकीचा लावला होता. गिऱ्हाइकाला शंभर-सव्वाशेची सवय झालेली असते, शेजारची गाडी अजून घरच्या फुकट हातांवर चाललेली असते, आणि आपण भाव वाढवू शकत नाही. बंद पडलेल्या गाड्यांचे खरे कारण शोधायला गेले तर बऱ्याच वेळा ते इथे सापडते. सांगणारा मात्र "जागेला नजर लागली" असे सांगतो.

पुण्यातच दुसरे उदाहरण आहे. हमाल पंचायतीने चालवलेली 'कष्टाची भाकर' ही केंद्रे ना नफा ना तोटा या तत्त्वावर कष्टकऱ्यांना स्वस्त जेवण देतात. तिथे भाकरी थापणाऱ्या बायका पगारावर आहेत आणि तो पगार भावात धरलेला असतो. नफा घ्यायचाच नाही असे ठरवलेली संस्था मजुरी मोजते, आणि नफ्यासाठी गाडी लावणारा मोजत नाही, ही जरा विचित्रच गोष्ट आहे.

आमची सूचना अशी की घरातल्या प्रत्येक कामकऱ्याच्या नावाने आठवड्याला ठरलेली रक्कम वेगळी काढावी. बीबीचे पैसे बीबीच्या खात्यात जावेत. ती ते घरातच खर्च करील, हे आम्हाला ठाऊक आहे. पण वहीत त्यांची नोंद राहील.

उलाढाल किती, कागद कोणते

वरच्या नमुन्यात आणखी एक गोष्ट दडली आहे. महिन्याला २६ दिवस धरले तर ९,६०० रुपये रोजाने वर्षाची उलाढाल ३० लाखांच्या जवळ जाते. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. तो प्रत्यक्ष लागू झाला ५ ऑगस्ट २०११ पासून. त्या वेळच्या नियमावलीत छोट्या खाद्य व्यावसायिकाची साधी नोंदणी, वर्षाला १०० रुपये फीची, ही १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीसाठी ठेवली होती. बारा लाख म्हणजे वर्षाचे तीनशे दिवस धरून रोजचे फक्त चार हजार. आपण 'लहान माणूस' आहोत असे समजणाऱ्या कित्येक गाड्या त्या मापाने कधीच लहान राहिलेल्या नव्हत्या. अशा मर्यादा सरकार बदलत असते, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी जी लागू असेल ती पाहून घ्यावी. एजंटाच्या तोंडी माहितीवर राहू नये.

जीएसटीतही तयार खाणे विकणे ही सेवा धरली जाते आणि सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. पूर्वी रोखीचा धंदा कुणाला दिसत नसे. आता मोबाइलवरून आलेला प्रत्येक रुपया बँकेच्या खात्यात उमटतो. उलाढाल मर्यादेपलीकडे जात असेल तर हिशेबनिसाकडे बसून कंपोझिशन योजना घ्यायची की नाही हे आधी ठरवावे. नोटीस आल्यावर धावपळ करण्यात दंड आणि झोप दोन्ही जाते.

गॅसबद्दल थोडक्यात. घरगुती १४.२ किलोचे सिलिंडर धंद्याला वापरणे हा गुन्हा आहे. धंद्यासाठी १९ किलोचे वेगळे असते. काहीजण पैसे वाचवण्यासाठी घरचे सिलिंडर गाडीवर नेतात. पकडले गेले तर सिलिंडर जाते, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा टिकत नाही.

टेम्पो घ्यावा का?

२००५ साली टाटांचा 'एस', म्हणजे आपला 'छोटा हत्ती', बाजारात आला आणि छोट्या व्यापाऱ्याचा माल वाहण्याचा प्रश्न बराच सुटला. पुढे याच गाडीवर पत्र्याची खोली बसवून खाण्याच्या गाड्या होऊ लागल्या. भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या बाजूला फॅब्रिकेशनची कामे करणारे पुष्कळ आहेत. काम देखणे होते. पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकात लिहिल्यापेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय वाहनात करता येत नाही. मालवाहू म्हणून नोंदलेल्या टेम्पोला खिडकी पाडली, ओटा बसवला, शेगडी लावली की तो कागदावर राहत नाही. म्हणून आधी आरटीओत चौकशी, मग वेल्डिंग. आम्ही पाहतो ते नेमके उलटे: गाडी सजून तयार, उद्‌घाटनाची तारीख ठरलेली, आणि पासिंग अडलेले.

वजनाचाही हिशेब करावा. छोट्या हत्तीची क्षमता सुमारे पाऊण टन. पत्र्याची खोली, स्टीलचे ओटे, फ्रिज, दोन सिलिंडर, दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, त्यावर आत उभी असलेली तीन माणसे. गाडी मागे बसते, टायर झिजतात, ब्रेकवर ताण येतो. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो खाली, फरशीलगत साठतो. म्हणून हवा जायची भोके वर ठेवून भागत नाही, तळाशीही हवीत. सिलिंडर नेहमी उभे आणि पट्ट्याने बांधलेले असावे, नळी प्रमाणित असावी आणि तिच्यावर छापलेली मुदत पाहावी. खिशाला परवडणारे छोटे अग्निशामकही दाराजवळ हवे, शेगडीच्या मागे नको. आग लागल्यावर आगीतून हात घालून ते काढता येत नाही.

हातगाडी की टेम्पो, असे कुणी आम्हाला सरळ विचारले तर पहिली दोन वर्षे हातगाडी, असे आम्ही सांगू. टेम्पोचा हप्ता पावसाळ्यातही थांबत नाही.

जागा आणि कायदा

गाडीवाल्याची सर्वांत मोठी चिंता जागेची. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सोदन सिंग खटल्यात रस्त्यावर विक्री करणे हा व्यवसायाच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे, पण वाजवी बंधनांच्या अधीन, मान्य केले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी पथविक्रेता कायदा आला, तो १ मे २०१४ पासून लागू झाला. त्यात काही तरतुदी अशा आहेत की प्रत्येक गाडीवाल्याने पाठ कराव्यात. नेहमीच्या जागेवरून हलवायचे असेल तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर त्याची यादी देणे बंधनकारक आहे. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत, ठरलेले शुल्क भरून, परत मिळायला हवा. शहराच्या पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेते असावेत आणि त्यातील एक तृतीयांश स्त्रिया, असेही कायदा म्हणतो. कागद आणि रस्ता यांत अंतर आहे, हे पुण्यातील प्रत्येक विक्रेता जाणतो. तरीही यादी मागण्याचा हक्क आपल्याला आहे हे ठाऊक असलेल्या माणसाशी अतिक्रमणाच्या गाडीवरचा कर्मचारीही वेगळ्या सुरात बोलतो.

या कायद्यात कुटुंबाचा विचार आहे. प्रमाणपत्र घेणाऱ्याने हमी द्यायची असते की धंदा मी स्वतः किंवा माझ्या कुटुंबातील माणूसच करील. प्रमाणपत्र भाड्याने देता येत नाही. विक्रेता मरण पावला किंवा कायमचा अपंग झाला तर पती-पत्नी किंवा अवलंबून असलेले मूल मुदत संपेपर्यंत धंदा पुढे चालवू शकते. म्हणजे बीबीचे नाव, लग्नाचा दाखला, रेशनकार्ड हे कागद व्यवस्थित असणे धंद्याचाच भाग झाला. मुलांच्या बाबतीत २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालमजुरी कायदा घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेनंतर मदत करू देतो, धोक्याचे काम सोडून. उकळत्या तेलाची कढई धोक्याची आहे की नाही, हे विचारायला वकील लागत नाही.

नावाबद्दल एक आडवळण घेतो. लष्करातील 'बर्गर किंग' हे खाद्यगृह त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीशी झालेल्या दाव्यामुळे देशभर गाजले. हे दुकान १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्या नावाने चालते आणि कंपनी भारतात आली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. प्रकरण पुढे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. गाडीला नाव देताना कुणाचे तरी प्रसिद्ध नाव किंचित बदलून लावण्याची हौस आपल्याकडे फार आहे. प्रत्येकाच्या जवळ जुनी बिले आणि वकिलाची फी असतेच असे नाही. आपल्या वालिदांचे किंवा मोहल्ल्याचे नाव लावावे, आणि पहिल्या दिवसापासूनची बिले जपून ठेवावीत.

न्यूयॉर्कची एक गाडी

१९९० साली न्यूयॉर्क शहरात ५३ वा रस्ता आणि सहावा ॲव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर इजिप्तहून आलेल्या तिघांनी खाण्याची गाडी लावली. आधी ते हॉटडॉग विकत. शहरातले मुसलमान टॅक्सीचालक रात्री हलाल जेवण शोधत फिरतात हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी चिकन-भात सुरू केला. 'हलाल गाईज' या नावाने पुढे त्यांच्या शाखा अनेक देशांत निघाल्या. ही गोष्ट सगळेच उत्साहाने सांगतात. त्याच शहरातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. न्यूयॉर्कने १९८० च्या दशकात गाड्यांच्या परवान्यांची संख्या गोठवली. त्यामुळे जुने परवानाधारक घरी बसून तो परवाना हजारो डॉलरला चोरून भाड्याने देऊ लागले, आणि उन्हात-बर्फात उभा राहणारा माणूस दुसऱ्याच्या कागदावर कमावू लागला. पुण्यातही दुसऱ्याच्या नावाच्या जागेवर रोजचे भाडे देऊन गाडी लावणारे कमी नाहीत. ते भाडे हिशेबात धरावे, आणि असा धंदा कुठल्याही सकाळी संपू शकतो हेही धरावे.

भांडवल

टाळेबंदीनंतर १ जून २०२० रोजी केंद्राने पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना आणली. पहिले कर्ज १० हजारांचे होते; ऑगस्ट २०२५ मध्ये ते १५ हजार, दुसरे २५ हजार आणि तिसरे ५० हजार असे ठरले. हप्ते वेळेवर भरले तर व्याजात सात टक्के सवलत खात्यात जमा होते.

व्याजाचे कर्ज ज्यांना घ्यायचे नाही त्यांचा जुना आधार म्हणजे भिशी. ओळखीतल्या बारा-पंधरा जणांनी दरमहा सारखी रक्कम टाकायची आणि चिठ्ठी निघेल त्याला पूर्ण रक्कम द्यायची, यात व्याजाचा प्रश्नच येत नाही. मात्र अलीकडे बोलीची भिशी फार वाढली आहे. गरजू माणूस एक लाखाची भिशी पंचाऐंशी हजारांत उचलतो आणि उरलेले पंधरा हजार बाकीचे वाटून घेतात. नाव भिशीचे असले तरी हा पंधरा हजारांचा बोजा कशाचा आहे हे ज्याचे त्याने ठरवावे. धंद्याच्या भांडवलासाठी आम्ही चिठ्ठीचीच भिशी सुचवू, आणि तीही गाडी सुरू होण्याच्या वर्षभर आधी लावलेली.

रमजानचा महिना

कौसरबाग, मोमिनपुरा आणि लष्करात रमजानमध्ये जी गर्दी लोटते तिच्यावर कित्येक गाड्यांचे वर्षाचे गणित अवलंबून असते. २०२० चा रमजान टाळेबंदीत गेला तेव्हा हे सर्वांच्या लक्षात आले. या महिन्यात कामाचा क्रम उलटा होतो. सहेरीनंतर झोप नाही, कारण समोशाच्या पट्ट्या सकाळच्या गारव्यातच नीट भरल्या जातात. फिरनीचे मातीचे शिकोरे आधी पाण्यात भिजवून ठेवावे लागतात, नाहीतर ते दूध शोषून घेतात.

आणि पकवणारा रोज्यात असतो. मीठ चाखणे बहुतेक जण टाळतात. अकरा महिने अंदाजाने हात चालवणारा बावर्ची या महिन्यात अडखळतो. एक दिवस खारट, एक दिवस अळणी. ज्या घरांनी मीठ, तिखट, गरम मसाला किलोमागे किती हे वजन करून वहीत लिहून ठेवले आहे त्यांची चव पहिल्या रोज्यापासून शेवटच्या रोज्यापर्यंत सारखी राहते. पन्नास-साठ रुपयांची वही आणि एक छोटा वजनकाटा. शिवाय असे माप लिहिलेले असले की अम्मी आजारी पडली तरी भाभी तीच बिर्याणी करू शकते.

रमजानचा गल्ला वेगळ्या वहीत लिहावा. नाहीतर त्या महिन्याची कमाई पुढच्या चार महिन्यांच्या तोट्यावर पांघरूण घालते आणि गाडी नुकसानीत आहे हे मोहरमपर्यंत कळत नाही. ईदनंतर चार-आठ दिवस गाडी बंद असते, तेव्हा टेम्पोची सर्व्हिसिंग, गॅसच्या नळ्या आणि डेगांची कल्हई उरकून घ्यावी. सगळ्यांना त्याच आठवड्यात कल्हई हवी असते, म्हणून कल्हईवाल्याला शाबानमध्येच सांगून ठेवावे.